मी गाळलेली दिगूची चार वाक्यं

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंद्रपुरीच्या भाजीबाजारात मटार निवडत होतो. शालिनीवहिनींचा आवाज अगदी सरळ होता. "भावजी, हे गेले. दाढी करता करता खाली बसले आणि... तुम्ही या." त्यांचं घर तिथून पाच मिनिटांवर. मी तसाच निघालो. भाजीवालीनं मागून हाक मारली, "बाबूजी, थैली तो ले जाओ." मी परत फिरलो आणि पिशवी उचलली. त्यामुळं पन्नास वर्षांच्या मित्राच्या अंत्यदर्शनाला मी हातात मटारची पिशवी घेऊन पोचलो. दिगू असता तर या गोष्टीवर आठवडाभर बोलला असता. त्या दिवशी मी त्याच्याकडं जाऊन सगळं सांगून टाकणारच होतो, असं इथं लिहिता आलं असतं तर लेख छान झाला असता. पण तसं काही ठरवलेलं नव्हतं. त्या दिवशी मी फक्त मटार घेणार होतो.

दिगंबर उमाळकर कोण, हे भोपाळच्या मराठी माणसांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. मूळचा नागपूरचा, इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात तपासणी विभागात लागला, त्याच विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झाला आणि आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक वादविवादात चाळीसएक वर्षं बोलला. मी श्रीपाद, त्याच कारखान्यात उत्पादनाच्या बाजूला होतो, आणि त्या वादविवादात बहुतेक वेळा त्याच्या समोरच्या बाजूला. अशा लेखात गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात आणि ते मी सांगेनच. पण आधी एक कबुली. गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत दिगूच्या भाषणाचा जो अहवाल छापून आला तो मी लिहिला होता, आणि त्यातून त्याची चार वाक्यं मी मुद्दाम गाळली. ती वाक्यं नसल्यामुळं त्याचा एकुलता एक मुलगा निखिल त्याच्याशी बोलेनासा झाला. दिगू गेला तेव्हाही ते बोलणं बंदच होतं. हा लेख मी त्यासाठी लिहितो आहे.

पिपलानीच्या क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारी म्हणून राहायला आलो तेव्हा दोघंही पंचविशीच्या आत-बाहेर होतो. मी सातारचा. घरात त्याचं "करून राहिलो, जाऊन राहिलो" ऐकून माझी आई पदर तोंडाला लावून हसायची, आणि तो मुद्दाम तिच्यासमोर जास्तच बोलायचा. "काकू, तुमचा मुलगा माल पाठवून राहिला का लपवून राहिला, एवढं मले सांगा," असं तो तिला विचारायचा. प्रश्न खोटा नव्हता. उत्पादनवाल्याला माल वेळेवर बाहेर काढायचा असतो आणि तपासनिसाला तो अडवायचा असतो. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या आमच्या शेडमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनत. टाकीच्या वेल्डिंगवर एका बाजूनं खडूचा लेप द्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं रॉकेल लावायचं, मग केसाएवढी फट असली तरी पांढऱ्या खडूवर डाग उठतो. दिगू त्या पांढऱ्या लेपासमोर स्टूल टाकून बसायचा. घाई नाही, आवाज नाही. आम्ही त्याच्या डोक्यावर उभे राहून घड्याळ बघायचो आणि तो डाग उठायची वाट बघायचा.

एका मार्चअखेरीची गोष्ट सांगतो, कारण पुढं सगळं तिच्यावरच येतं. वर्षाचा आकडा गाठायचा म्हणून माझ्या शॉपमध्ये काही टाक्यांच्या जोडांवर तपासणीआधीच रंग चढवला गेला. रंग चढला की खडू-रॉकेलची परीक्षा होत नाही. मला हे माहीत होतं का? होतं. दिगूला पहिल्याच टाकीवर कळलं. त्याच्या आधीच्या तपासनिसानं अशाच एका प्रसंगात शॉपला सील ठोकलं होतं, सहा जणांना मेमो दिले होते. त्याचा परिणाम असा झाला होता की त्यानंतर आमच्या माणसांनी दाखवायचे नमुने वेगळे आणि पाठवायचा माल वेगळा ठेवायची कला शिकून घेतली. दिगूनं सील लावलं नाही. तो रामसनेही नावाच्या आमच्या सगळ्यात जुन्या वेल्डरजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "दादा, रंग किसने चढ़ाया, मुझे नहीं पूछना. कहाँ-कहाँ चढ़ाया, बस वो बता दो." दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी रामसनेहीनं स्वतः खडू घेऊन एकेका टाकीवर खुणा केल्या. जेवढ्या दिगूच्या यादीत होत्या त्याहून जास्त निघाल्या. आमचा आकडा त्या वर्षी गेला. पण त्यानंतर त्या शॉपमध्ये कुणी दिगूपासून काही लपवलं नाही... मी सोडून.

आता वादविवादाबद्दल. गणेशोत्सवात चौथ्या दिवशी सकाळी आमच्या मंडळाचा वादविवाद होतो. एक विषय, दोन बोलणारे, शेवटी श्रोत्यांचे हात वर. त्याचा एक नियम मी दुसरीकडं कुठंच पाहिलेला नाही. स्मरणिकेसाठी त्या वादाचा अहवाल हरलेल्यानं लिहायचा, आणि जिंकलेल्यानं त्याला हात लावायचा नाही. नियम दिगूचाच. जिंकलेला स्वतःचं कौतुक लिहितो, त्यात काय मजा? हरलेल्याला समोरच्याचा मुद्दा आपल्या हातानं कागदावर मांडावा लागला की तो त्याला खरा कळतो, असं त्याचं म्हणणं. चाळीस वर्षं हा नियम चालला. स्त्रियांनी नोकरी करावी का, मुलांना मराठी शाळेत घालावं का, गॅस सबसिडी सोडावी का, असल्या विषयांवर मी त्याचे आणि त्यानं माझे मुद्दे इमानानं लिहिले. एका वर्षी तर त्यानं माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला लिहिला होता. लोक मला म्हणाले, "छान बोललात हो." मी तसं बोललोच नव्हतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब पडले आणि आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत दुसरा विषय राहिला नाही. त्यामुळं वादविवादाचा विषय आपोआपच ठरला. एखाद्या देशाला अणुबॉम्ब बनवण्यापासून रोखायचं तर बळ की बोलणी? मी बळाच्या बाजूनं, तो बोलण्यांच्या. ही माझी ओढूनताणून घेतलेली बाजू नव्हती, तसंच माझं मत होतं आणि त्यातलं बरंचसं आजही आहे. मी म्हणालो की बोलणी म्हणजे समोरच्याला दिलेला वेळ. उत्तर कोरियाशी जग वर्षानुवर्षं बोलत राहिलं आणि त्यानं बॉम्ब करून दाखवला. इराकच्या अणुभट्टीवर एका संध्याकाळी इस्रायलची विमानं गेली आणि त्या भट्टीतून कधीच काही बाहेर पडलं नाही. ज्याच्या हाती असं शस्त्र जाऊ नये असं तुम्ही मानता, त्याच्याशी चहा पीत कसं बसता? टाळ्या चांगल्या पडल्या.

दिगू उठला आणि आधी त्यानं माझे दोन मुद्दे मान्य केले. उत्तर कोरियात बोलणी हरली, तो म्हणाला, आणि ती हरत नाहीत असं मी म्हणणार नाही. बोलणी म्हणजे विश्वास ठेवणं नव्हे, हेही तो म्हणाला. त्याच्या लेखी बोलणी म्हणजे आत जाऊन बघण्याचा हक्क मिळवणं. इराकची ती भट्टी पडली खरी, पण अनेक अभ्यासक सांगतात की त्यानंतर त्यांनी तेच काम जमिनीखाली, जास्त माणसं लावून सुरू केलं. ते पुढं उघडकीला आलं तेव्हा तपासनिसांनी कागद मागून, मोजून, सील लावून बरंचसं मोडलं. नंतर एकदा तपासनीस 'काही सापडत नाही' म्हणत असताना त्याच देशावर युद्ध लादलं गेलं, आणि खरंच काही सापडलं नाही. इराणमध्ये करार होता तोवर माणसं आत जात होती, कॅमेरे लागलेले होते. करारातून बाहेर कोण पडलं ते तुम्हीच वाचा. आता बॉम्ब पडलेत, तपासनीस बाहेर आहेत आणि तो सगळा माल नेमका कुठं आहे, हे कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. मग त्यानं खडू-रॉकेलची गोष्ट सांगितली, रामसनेहीचीसुद्धा, माझं नाव न घेता. "मशीन फोडता येतं," तो म्हणाला, "ड्रॉइंग डोक्यात असलेला माणूस फोडता येत नाही. आणि अशा कारखान्यावर बॉम्ब टाकायचा तर वारा कुठं जातो ते आधी भोपाळला विचारा." आमच्या गावाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

मी मधेच उभा राहून विचारलं की त्या रामसनेहीनं खुणा केल्या त्या काय तुझ्या गोडीनं? वरती साहेबाच्या मेमोची भीती नसती तर केल्या असत्या? प्रश्न चांगला होता. आजही मला तो चांगला वाटतो. दिगूनं मान हलवली, हसला आणि म्हणाला, "बाप्पा, मेमो वरती फायलीत होता. खाली माझं स्टूल होतं." आणि मग लोकांकडं वळून, "आमच्या श्रीपादनं जन्मभर माल वेळेवर पाठवला हो. तपासून मात्र कधीच पाठवला नाही." सगळे हसले. माझी बायको हसली. मीही हसलो. हात वर करायची वेळ आली तेव्हा मोजायची गरज पडली नाही. माझ्या दहावीतल्या नातीनंही दिगूआजोबांसाठी हात वर केला आणि माझ्याकडं बघून तो हळूच अर्धा खाली घेतला. तो अर्धा खाली आलेला हात मला टोचला, हे मी इथं पहिल्यांदाच लिहितो आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला असल्या गोष्टी टोचतात.

अहवाल माझ्याकडं आला. स्मरणिकेत दोन पानं ठरलेली. मजकूर जास्त होत होता हे खरं. पण कुठली वाक्यं जावीत हे जागेनं ठरवलं नाही, मी ठरवलं. त्याचा खडूचा किस्सा मी दोन ओळींत उरकला, वाऱ्याचं वाक्य काढून टाकलं, आणि शेवटाला आलो. शेवटी दिगू म्हणाला होता, "बॉम्ब टाकणारा टाकून परत येतो, खाली काय झालं ते त्याला बघावं लागत नाही." त्यापुढं चार वाक्यं होती. मी ती सगळी माझ्या वहीत टिपलेली होती, कारण समोरच्याचं बोलणं शब्दशः टिपायची मला सवय आहे. वही उघडी ठेवूनच मी पूर्णविराम दिला आणि खाली 'आभार' लिहिलं. असं तोडलं की वाक्य क्रूर वाटतं, हे मला कळत होतं. एवढं बोलून हा माणूस जिंकला, असं वाचणाऱ्याला वाटावं, असा माझा हिशेब होता. निखिल हवाई दलात आहे, लढाऊ विमान उडवतो, हे त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं. असतं तर मी थांबलो असतो का? थांबलो असतो असं मला वाटतं... पण खात्री नाही, आणि खोटी खात्री द्यायला मी हा लेख लिहीत नाही.

कोजागिरीला स्मरणिका निघाली, तिची फाइल मंडळाच्या ग्रुपवर मीच टाकली, आणि शालिनीवहिनींनी कौतुकानं ती मुलाला पाठवली. वहिनी वादविवादाला नव्हत्या, त्या दिवशी प्रसादाचं त्यांच्याकडं होतं. निखिलनं वाचलं. गेल्या वर्षी मे महिन्यात पाकिस्तानशी ते चार दिवस लढाईचे झाले तेव्हा दिगू फोनजवळून उठला नव्हता, आंघोळीलाही नाही, हे आम्ही मित्रांनी पाहिलं होतं. ज्या मुलासाठी हा माणूस असा बसला, त्या मुलानं आता बापाचं छापील वाक्य वाचलं. त्यानं फोन करून विचारलं, "बाबा, हे तुम्ही माझ्याबद्दल बोललात?" दिगू एवढंच म्हणाला की छापलंय ते पूर्ण नाही. मग पूर्ण काय, असं निखिलनं विचारल्यावर तो म्हणाला, "ते लिहिणाऱ्यानं सांगायचं." दिवाळीला निखिल आला नाही. फोन आले तर आईला. हे सगळं वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं आणि तिनं मला. तिनं विचारलंही, "तुम्हीच लिहिलं होतं ना ते?" मी म्हणालो, जागा कमी होती. ऐकणाऱ्यांना हशा आणि टाळ्या तेवढ्या आठवत होत्या, शेवटची वाक्यं शब्दशः फक्त माझ्या वहीत होती.

दिगूनं स्वतः का सांगितलं नाही, हे बाहेरच्याला विचित्र वाटेल. कारखान्यात त्याच्या हाताखाली राहिलेल्या कुणालाही वाटणार नाही. तपासणीच्या रजिस्टरात चुकीची नोंद पडली तर ती दुसऱ्यानं दुरुस्त करायची नसते. ज्यानं चूक केली त्यानंच वर एक रेघ मारायची, बरोबर काय ते बाजूला लिहायचं आणि सही करायची. दुसऱ्यानं खाडाखोड केली की सगळं पानच संशयास्पद होतं. दिगूनं नोकरीभर कुणाच्या नोंदीवर रेघ मारली नाही, माणसाकडं जाऊन बसला आणि त्याच्याकडून मारून घेतली. माझ्याकडंही तो तसाच येत राहिला. बाग सेवनियाच्या आमच्या फ्लॅटवर दर मंगळवारी सकाळी साडेनऊला, हवेत गारठा असला तर मफलर गुंडाळून. सांध्यांचं बोलायचा, महापालिकेचं बोलायचा. एकदाच फक्त म्हणाला, "आपल्या नियमात एक खोट राहून गेली रे श्रीपाद. अहवाल कोणी तपासायचा, ते आपण ठेवलंच नाही." मी म्हणालो, "चहा गार होऊन राहिला, घे." त्याच्या भाषेत म्हणालो, विनोद म्हणून. तो हसला, चहा प्याला आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा आला. असे किती मंगळवार गेले ते मी मोजलेले नाहीत. मोजायला हवे होते.

मला एक प्रश्न विचारला जाईल आणि तो मीच स्वतःला विचारला आहे. दिगूनं जोर लावला असता, मंडळाच्या सभेत उभा राहून "श्रीपादनं माझं भाषण तोडलं" असं म्हणाला असता, तर मी त्याच दिवशी कबूल झालो असतो का? नाही. मी पुरावा मागितला असता, जागेचं कारण सांगितलं असतं, चार लोक माझ्या बाजूनं उभे केले असते. मला मी ओळखतो. म्हणजे माझ्यापुरता तरी तो वाद दिगू जिंकला. पण तो एका बाबतीत चुकला आणि तेही लिहिलं पाहिजे, नाहीतर हा लेखसुद्धा अर्धाच राहील. बोलण्यांना वेळ लागतो, आणि आमच्या वयात वेळ हाच माल संपत आलेला असतो. माझ्यासाठी थांबताना तो निखिललाही थांबवत होता. मी सुधारावं म्हणून मुलाला इतके महिने दुखावलेलं ठेवायचा त्याला हक्क नव्हता. हा मुद्दा मी त्याच्यासमोर मांडला असता तर त्यानं काय उत्तर दिलं असतं, मला ठाऊक नाही. पहिल्यांदाच ठाऊक नाही.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन इंद्रपुरीला गेलो. पुढच्या खोलीत निखिल बापाचे कागद लावत होता. विम्याचे, पेन्शनचे, गॅसचे, सगळे वेगवेगळ्या फायलीत, प्रत्येक फायलीवर दिगूच्या अक्षरात नाव. वहिनी दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. प्रस्तावना केली नाही, जागेचं नाव काढलं नाही. वही उघडून त्याच्यापुढं धरली आणि म्हणालो की त्या वाक्यानंतर तुझे बाबा थांबले नव्हते, मी त्यांना थांबवलं. निखिलनं वही घेतली. आधी मनात वाचलं. मग आईला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचलं.

"पण हा दोष त्याचा नव्हे. त्याला वर पाठवणाऱ्यांनी आधी सगळी दारं ठोठावली होती का, याचं उत्तर पाठवणाऱ्यांनी द्यायचं. माझा मुलगा हवाई दलात आहे, आणि जायची वेळ आली तर तो मागं वळून बघणार नाही, याचा मला अभिमान आहे. म्हणूनच त्याला पाठवण्याआधी कुणीतरी शेवटच्या दारापर्यंत जाऊन यावं, एवढंच माझं मागणं आहे."

वाचताना तिसऱ्या वाक्याला तो अडला... पण त्यानं ते पूर्ण केलं. वही मिटली नाही, बोट तसंच ठेवलं. तो म्हणाला, "नियम माझ्यापेक्षा मोठा होता का, काका?" प्रश्न मला विचारला असला तरी तो माझ्यासाठी नव्हता. उत्तर वहिनींनी दिलं. "मी म्हणाले होते रे त्यांना, तुम्हीच सांगून टाका पोराला. तर म्हणाले, श्रीपाद सांगेल. त्याला थोडा वेळ लागतो, पण सांगेल तो." एवढं बोलून त्या आत गेल्या. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. कुणी माझ्यावर ठेवलेला विश्वास इतका लागला नव्हता.

मी क्षमा मागितली. निखिलनं ती दिली नाही आणि नाकारलीही नाही. तो म्हणाला, "मला सांगितलंत, ठीक आहे. पण ती स्मरणिका दोनशे घरांत गेली आहे. तिथं कोण सांगणार?" म्हणजे बापाचाच मुलगा. कुणी केलं, हे त्यानं विचारलं नाही. कुठं-कुठं पोचलं, तेवढं विचारलं. मी त्याला शब्द दिला. मंडळाच्या वाचनालयातल्या प्रतीवर मी रेघ मारून, चार वाक्यं समासात लिहून सही केली आहे. ज्यांच्या घरी ती स्मरणिका असेल त्यांनी वरची चार वाक्यं तिथं लिहून घ्यावीत, खाली हवं तर माझं नाव घालावं.

मी निघायला उठलो तेव्हा निखिल म्हणाला, "बसा ना काका." मग वही पुन्हा उघडून त्यानं विचारलं, यावर तुम्ही काय उत्तर दिलं होतंत? मी खरं ते सांगितलं, की उत्तर दिलं नव्हतं, मी हरून खाली बसलो होतो. तो म्हणाला, "माझ्याकडं आहे उत्तर. मला बाबांना ते सांगायचं होतं, दिवाळीत. राग होताच, पण हेही होतं." मी म्हणालो, सांग. तो बोलू लागला, आधी तुटक, मग नीट, बापासारखा एकेक मुद्दा बोटावर घेत. समोरचा बोलायला का बसतो, हे तुम्ही दोघांनीही नीट मांडलं नाहीत, तो म्हणाला. "मागं आमची विमानं उभी असतात, काका, म्हणून तो बसतो. ती नसती तर बाबांच्या तपासनिसाला कुणी गेटच्या आत घेतलं नसतं."

हा माझाच मुद्दा होता. मेमोचाच मुद्दा, माझ्यापेक्षा चांगला मांडलेला. पन्नास वर्षांच्या सवयीनं मी "बरोबर आहे" म्हणणार होतो. पण त्या खोलीत समोरच्या बाजूनं बोलणारं कुणी उरलं नव्हतं, आणि निखिल कुणीतरी बोलेल म्हणून माझ्याकडं बघत होता.

मी म्हणालो, "मग ती उभीच राहू देत की."

निखिल हसला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "हे बाबांचं," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "ते असं म्हणाले असते, पण म्हणाले नाहीत. हे माझं आहे. माझ्याच नावावर घे."

"बरं, तुमच्या नावावर," निखिल म्हणाला, आणि फायली बाजूला सारून, पुढचा मुद्दा मांडायला खुर्ची पुढं ओढून बसला.